बियाणं तपासणीला लावण्याआधी : प्रकल्प नोंदी, उन्हाळा २०२५

२२ एप्रिल २०२५

नमुने आले. कर्जतहून भात, मुरबाडकडून नाचणी आणि वाल, पनवेलच्या बाजूचा मूग आणि लातूरहून सोयाबीन. सोयाबीन आमच्यातल्याच एकीच्या काकांचं, घरी राखलेलं. यातलं काहीच दुकानातलं नाही. शेतकऱ्यांनी आपल्याच पिकातून पुढच्या पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं आहे, म्हणून पिशवीवर लेबल नाही आणि उगवणशक्तीचा आकडाही नाही. तो आकडा पेरणीआधी त्यांच्या हातात पडावा, यासाठी परळच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रकल्प चालू केला आहे.

प्रत्येकाला दोन पिशव्या पाठवायला सांगितलं होतं. उगवण तपासायला कापडी. ओलावा मोजायला जाड प्लास्टिकची, हवा दाबून काढून तोंड घट्ट बांधलेली. मुंबईच्या हवेत उघडं बी बघता बघता आपला ओलावा बदलतं. मग आपण वजनकाट्यावर मोजतो ती परळची हवा, मुरबाडच्या घरातली कणगी नव्हे. उगवणीच्या बियाचं उलट: ते ओलसर असताना हवाबंद केलं तर आतच घुसमटून खराब होतं.

पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेली मूठ म्हणजे नमुना नाही, हे फोनवर सगळ्यांना समजावलं होतं. कर्जतच्या दादांकडे परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी, होती. त्यांनी वर, मध्ये आणि तळाशी ती घालून थोडं थोडं बी काढलं आणि एकत्र केलं. मुरबाडच्या मावशींनी वाल राखेसकट पाठवला, कारण त्या तो राखेतच ठेवतात. राख चाळून बाजूला केली आणि वहीत साठवणीच्या रकान्यात लिहिलं: मातीचं मडकं, राख, माळ्यावर. निकाल वाचताना ही ओळ लागणार आहे.

२५ एप्रिल

आज नमुना लहान करण्याचं काम. किलोभर भातातून शेवटी चारशे दाणे घ्यायचे असतात, आणि त्या चारशे दाण्यांनी अख्ख्या पोत्याची बाजू मांडायची असते. सगळी मेहनत या टप्प्यावर आहे, असं माझं मत. पुढचं यंत्र, तापमान, रसायन कितीही अचूक असलं तरी इथे हात झुकला तर काही उपयोग नाही.

आमच्याकडे शंकूचा विभाजक, म्हणजे बियाचे दोन सारखे भाग करणारं यंत्र, नाही. स्वच्छ ट्रेवर बी ओतलं, घोळून ढीग केला, पट्टीने दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, मग पुन्हा दोन. आठ ढिगल्या झाल्या, चार-चारच्या दोन ओळींत. एकाआड एक ढिगली उचलून एकत्र केली, बाकीचं परत पिशवीत. हवं तेवढं वजन येईपर्यंत हेच.

प्रथम वर्षाची दोन मुलं मदतीला होती. दाणे मोजताना त्यांची बोटं आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जात होती. प्रयोगशाळेतल्या मामांनी हे बरोबर हेरलं. त्यांनी मुलांना पोस्टकार्डाची कड दिली आणि सांगितलं, ‘कडेने सरकवत मोजा, जो येईल तो घ्या, निवडायचं नाही.’ शेतकरी पेरताना लहानमोठा दाणा बघत बसत नाही. इथे निवडून घेतलेलं बी ९५ टक्के उगवलं आणि शेतात ७० टक्केच आलं, तर कमी पडलेल्या रोपांचा भुर्दंड त्याला बसतो.

२९ एप्रिल

शुद्धता. भाताचा नमुना पांढऱ्या कागदावर पसरून चिमट्याने वेगळा केला: शुद्ध बी, इतर पिकांचं बी, तणाचं बी आणि काडीकचरा. अर्धा किंवा त्याहून लहान तुकडा कचऱ्यात जातो, अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा बी म्हणूनच मोजायचा. सुरकुतलेला, किडीने टोकरलेला दाणाही बीच. मुलांना हे पटेना. पण तो दाणा पोत्यात आहे आणि पेरलाही जाणार आहे.

मिठाच्या पाण्याचा प्रश्न निघाला. भाताचं बी पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवायचं आणि वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, ही शिफारस कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीआधी आपणही तसं करावं का? कॉलेजच्या मॅडमनी नको म्हणून सांगितलं आणि मलाही ते योग्य वाटतं. जसं पोतं तसा निकाल. शेतकऱ्याला निकाल कळवण्याच्या पत्रात मात्र लिहायचं, की मीठपाणी केलंत तर उगवण याहून चांगली मिळेल.

नाचणीला पूर्ण दुपार गेली. दाणा मोहरीहूनही बारीक, पंखा चालू ठेवता येत नाही. भिंगाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दाणा उचलावा लागतो.

३ मे

ओलावा. डब्या आधी वाळवून, झाकणासकट वजन करून ठेवल्या होत्या. भात दळून घेतलं. चक्की सलग फिरवली की पीठ गरम होतं आणि ओल तिथेच उडते, म्हणून थांबत थांबत, एकूण दोन मिनिटांच्या आत आटपलं. प्रत्येक डबीत चार ते पाच ग्रॅम, प्रत्येक नमुन्याच्या दोन डब्या. भात १३० अंशांना दोन तास, मूग एक तास. सोयाबीन तेलाचं बी असल्यामुळे त्याला कमी आच आणि जास्त वेळ: १०३ अंश, सतरा तास. ते संध्याकाळी लावलं.

५ मे

सोयाबीनच्या डब्या मामांनी काल सकाळी झाकणं लावून काढल्या आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवल्या. वजन आज घेतलं. नियम असा की या पद्धतीत शेवटचं वजन घेताना खोलीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली हवी, नाहीतर वाळलेलं पीठ काट्यावर असतानाच हवेतली ओल ओढून घेतं आणि आकडा सरकत राहतो. मुंबईत हे म्हणजे अर्धी लढाई. वजनकाटा एसीच्या खोलीत हलवला, दार बंद करून अर्धा तास थांबलो. आर्द्रतामापक ५८ वर आल्यावरच पहिली डबी उघडली. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी व्हायला लागली होती, ती भट्टीत तापवून पुन्हा निळी करून घेतली.

दोन डब्यांच्या आकड्यांत ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर सगळं पुन्हा करायचं. तसं करावं लागलं नाही. भात १२.१, मूग ८.७, सोयाबीन ११.४. साध्या पोत्यात साठवायच्या बियाण्याला भातासाठी १३, मुगासाठी ९ आणि सोयाबीनसाठी १२ टक्के ही वरची मर्यादा आहे. तिन्ही आत बसले.

बियाण्याच्या शास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या आत असेल तर बी चांगलं टिकतं. आज परळमध्ये ३३ अंश सेल्सिअस म्हणजे ९१ फॅरनहाइट, बाहेरची आर्द्रता ७०. बेरीज १६१. राखून ठेवलेले सगळे नमुने आजच हवाबंद बरण्यांत भरून फ्रिजमध्ये टाकले.

६ मे

उगवण लावली. भात, मूग, सोयाबीन, वाल: ओल्या कागदांच्या मध्ये दाणे, गुंडाळी करून उभी, २५ अंशांच्या कपाटात. नाचणी पेट्रीडिशमध्ये कागदाच्या वर. प्रत्येकी शंभराचे चार संच. कागद भिजवून निथळून घ्यायचा. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याची कड दिसली तर कागद जास्त ओला आहे, बियाला हवा मिळणार नाही.

बुरशीची धास्ती सगळ्यांनाच होती. बी ब्लीचच्या पाण्यातून काढावं, असं एकाने सुचवलं. नाही केलं. बियाबरोबर बुरशी येत असेल तर तीही शेतकऱ्याला कळायला हवी. त्याऐवजी दोन दाण्यांत अंतर वाढवलं.

९ मे

टेट्राझोलियमचं द्रावण तयार केलं. जर्मनीत गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात बसवलेली, बी जिवंत आहे का हे रंगावरून सांगणारी ही चाचणी. पांढरट पूड, पाण्यात विरघळल्यावर रंगहीन. जिवंत पेशी श्वास घेत असते, तिच्यातली डिहायड्रोजनेज विकरं या रसायनाचं लाल फॉर्मेझान करतात, आणि तो लाल रंग जिथे तयार होतो तिथेच बसतो. मेलेला भाग पांढरा राहतो. भाताची उगवण मोजायला चौदा दिवस लागतात, हे काम दुसऱ्या दिवशी होतं.

साध्या पाण्यात ही पूड टाकली तर द्रावण आम्ल होतं आणि रंग फिका येतो, म्हणून बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, लागतं. एका लिटरमध्ये ९.०७८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, दुसऱ्या लिटरमध्ये ११.८७६ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (दोन रेणू पाणी असलेलं). पहिल्याचे ४०० मिलि, दुसऱ्याचे ६०० मिलि, त्यात १० ग्रॅम पूड. एक टक्का द्रावण झालं. पीएच सातच्या आसपास आला, साडेसहा ते साडेसात चालतो. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटहून आणली होती. डायसोडियमच्या बाटलीवर किती पाणी लिहिलंय ते वाचूनच घ्यावं, कारण निर्जल, दोन रेणू आणि बारा रेणू अशा तिन्ही प्रकारांचं वजन वेगळं पडतं. द्रावणाला उजेड चालत नाही. तपकिरी बाटली, वर फॉइल, फ्रिजमध्ये.

१३ मे

आज रंगवायचा दिवस, आणि प्रत्येक बियाची तयारी निराळी.

भात काल संध्याकाळी पाण्यात भिजवलं होतं. आज टरफल काढून दाणा उभा चिरला. गर्भ दाण्याच्या बुडाशी एका बाजूला असतो, फिकट ठिपक्यासारखा. पातं बरोबर त्याच्या मधून गेलं पाहिजे: कोंब आणि मूळ दोन्ही अर्ध्यांत दिसायला हवेत. एका झटक्यात कापायचं, करवतायचं नाही. चिरडलेल्या पेशी गडद लाल होतात आणि मग तो जुना मार आहे की आपल्या ब्लेडचा, हे सांगता येत नाही. दर पंचवीस-तीस दाण्यांनंतर ब्लेड बदललं. कापताना तुटणाऱ्यांसाठी थोडे जास्तीचे दाणे भिजवलेलेच होते. चिरलेले दाणे लगेच पाण्यात, मग द्रावणात, ३० अंशांना अंधारात दोन तास.

मुगात काही दाणे रात्रभर भिजूनही तसेच कडक होते. हे मेलेले नसतात, साल पाणीच आत घेत नाही. अशा दाण्याला डोळ्याच्या (दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला नेलकटरने सालीपुरती किंचित खाच दिली आणि पुन्हा भिजत ठेवलं.

सोयाबीन कधीही थेट पाण्यात टाकायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. साल पातळ, आत कोरडी डाळ. पाणी एकदम शिरलं की पेशींची आवरणं फाटतात आणि धडधाकट बीही मरतं. ओल्या कागदाच्या दोन थरांमध्ये रात्रभर ठेवलं. दाणा हळूहळू फुगला, मग साल न काढता अख्खाच द्रावणात.

१४ मे

सोयाबीन रात्रभर द्रावणात होतं. सकाळी साल सोलून, डाळी उघडून बघितलं. दोन डाळींच्या मध्ये, मुळाच्या वळणावर गडद लाल, जवळजवळ जांभळट डाग, मध्ये पांढरा ठिपका. एका दाण्यात नाही, पुष्कळ दाण्यांत, आणि बहुतेकांत त्याच जागी. बी जुनं झाल्यावर असं होत नाही. हा मळणीचा मार आहे. सोयाबीनचं मूळ सालीच्या लगेच खाली असतं, ड्रमचा दणका पहिल्यांदा तिथेच बसतो. बाहेरून दाणा पिवळाधमक, चकचकीत. काकांना फोन लावला तर ते म्हणाले, ‘घाई होती, भाड्याचं मशीन, जोरात चालवलं.’ आजच्या अंतिम मोजणीतली उगवण ६० टक्के आहे, किमान ७० हवी. कारण आता डोळ्यांनी दिसलं.

काकांना दोन गोष्टी सांगितल्या. यंदा बियाणं वाढवा: ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो धरलं तर ६० टक्क्यांना ३५ किलो लागेल. आणि पुढच्या वर्षी बियाण्यापुरती मळणी ड्रमचे फेरे कमी ठेवून वेगळी करा, पोती वरून आपटू नका.

२० मे

भाताची अंतिम मोजणी, चौदावा दिवस. चार संच ८४, ८८, ८१, ८६, सरासरी ८५. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ७ चा फरक, या सरासरीला १४ पर्यंत चालतो. किमान ८० हवी, म्हणजे पास. रंगाच्या चाचणीत ८८ आले होते, तेही जुळतं. नाचणी आणि वाल उत्तम. मावशींना कळवलं, राखेतला वाल ९१ टक्के उगवला हे ऐकून त्यांनी आणखी कुणाकुणाचं बी पाठवू का, हेच आधी विचारलं.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाला. नोंदी सुरू झाल्यापासूनचं हे सर्वांत लवकरचं आगमन. याआधी १९५६ मध्ये २९ मे ही तारीख होती. गाड्या रखडलेल्या, हिंदमाताला पाणी. मामा लालबागहून चालत आले म्हणून कपाटाचं तापमान तपासता आलं. बाहेर आर्द्रता नव्वदीच्या वर.

कर्जतच्या दादांचा फोन. त्यांच्याकडे राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. एक पोतं पाऊस सुरू व्हायच्या आधी झोडून घरात घेतलं, दुसऱ्याची कापणी झालेली आणि भारे शेतातच भिजले. शेजारी म्हणतात राब (लावणीची रोपं) टाकायला हेच ताजं बी वापर. रोहिणी लागली आहे, पाऊस आहे, धूळवाफेची (कोरड्या मातीत पेरण्याची) वेळ निघून चालली आहे. चौदा दिवस त्यांच्याकडे नाहीत. दोन्ही नमुने उद्या घेऊन येतो म्हणाले.

२८ मे

काल दुपारी दोन्ही नमुने आले, संध्याकाळी भिजवले, आज सकाळी चिरले. दोघं मिळून चिरत बसलो. दुपारपर्यंत रंग आला.

कोरडं पोतं: गर्भ एकसारखा गुलाबी-लाल, ऊती घट्ट, ९३ टक्के जिवंत. भिजलेलं पोतं: बऱ्याच दाण्यांत मुळाचं टोक पांढरं आणि मऊ, काहींत गर्भ गडद डागाळलेला, काहींचे कोंब तर भाऱ्यातच सुटून वाळून गेलेले. ५१ टक्के.

इथे एक गोष्ट दादांना नीट सांगणं भाग होतं. कोरडं पोतं जिवंत आहे, पण जिवंत म्हणजे लगेच उगवणारं नव्हे. ताज्या भाताच्या बियाला सुप्तावस्था असते. टेट्राझोलियम झोपलेलं बीही लालच दाखवतं. म्हणून या पोत्याचा आकडा एकट्याने वाचायचा नाही. त्यांना सांगितलं: राब गेल्या खरिपाच्या बियाचा टाका, ते ८५ टक्के आहे आणि त्याची झोप केव्हाच मोडली आहे. भिजलेलं पोतं बियाणं म्हणून वापरू नका.

कोरड्या पोत्याचे दोन भाग करून ठेवले. एक तसाच कागदात लावला. दुसऱ्याचा ओलावा आधी पाहिला, १२ च्या आत आहे, मगच ५० अंशांच्या भट्टीत ठेवला. ओलं बी या तापमानाला मरतं. सुप्तावस्था मोडायला कोरडी ऊब लागते.

२ जून

ऊब दिलेलं भात कागदात लावलं. आर्द्रतामापक एसीच्या खोलीतही ६६ दाखवतो, म्हणून ओलाव्याची उरलेली वजनं सकाळी दार उघडण्याआधीच उरकली.

११ जून

ऊब न दिलेल्या भाताची मोजणी. ४४ रोपं सामान्य. न उगवलेले बहुतेक दाणे टणक, स्वच्छ, बुरशी नाही. त्यांतले काही चिरून द्रावणात टाकले, दोन तासांत लाल. या दाण्यांना ‘मृत’ रकान्यात टाकलं असतं तर चांगल्या पोत्यावर नापासाचा शिक्का बसला असता. ‘ताजे, न उगवलेले’ या रकान्यात गेले.

१६ जून

ऊब दिलेल्या भाताची मोजणी: ९०. रंगाच्या चाचणीने सांगितलेल्या ९३ च्या जवळ.

दादांचा राब हिरवा झाला आहे, लावणीला रोपं पुरतील म्हणतात. भिजलेलं पोतं त्यांनी गिरणीवर नेलं. कोरडं पोतं ते पुढच्या हंगामासाठी ठेवणार आहेत. त्यांना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरायला सांगितलं. पण हवाबंद ठेवायचं तर ओलावा ८ टक्क्यांवर यायला हवा आणि या हवेत उन्हावर वाळवणं शक्य नाही. म्हणून तोपर्यंत पोतं भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर, आणि ऑक्टोबरची उघडीप मिळाली की पातळ पसरून वाळवणं. डब्यात भरायच्या दिवशी हवाबंद पिशवीत पाव किलो आमच्याकडे पाठवतील, ओलावा आम्ही मोजून देऊ.